सोलापुरात सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात लेकीला दिलेली एचपीव्हीची लस (५ पैकी ४ तारे)

मागच्या शनिवारी १३ वर्षांच्या लेकीला पहिला डोस देऊन आणला. माझ्या थोरल्या जाऊबाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या खेपा घालता घालता. तो एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, त्यामुळे लस द्यायचं ठरलेलंच होतं. पण "एवढ्या लहान पोरीला कशाला?" या सासूबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते डॉक्टरांनी दिलं. आमचे टॉवेलचे माग आहेत म्हटल्यावर त्यांनी लेकीलाच विचारलं, "आडवा धागा तुटला तर माग काय करतो?" ती म्हणाली, "थांबतो. काटा असतो ना त्याला." मग चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्यांनी पेशी काढली. पेशीतलाही असा एक काटा म्हणजे पी५३ हे प्रथिन. आत बिघाड झाला की ते पेशीचं विभाजन थांबवतं. विषाणूचं ई६ प्रथिन पेशीचीच मोडतोडीची यंत्रणा पी५३वर सोडतं आणि त्याचा निकाल लावतं. ई७ हे आरबी नावाच्या दुसऱ्या पहारेकऱ्याला चिकटतं, की विभाजनाचा हुकूम मोकळा सुटतो. धागा तुटलेला आणि माग चालूच. वर शेजारच्या पेशींना सावध करणारा इंटरफेरॉनचा निरोपही हीच दोघं दाबतात. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो. ज्यांच्यात मुक्काम ठोकतो, तिथे वर्षानुवर्षं काही जाणवतही नाही. जाऊबाईंना कळेपर्यंत एवढा उशीर का झाला, ते मला त्या खुर्चीत बसून उमगलं.

लशीत विषाणूचं नुसतं रिकामं टरफल असतं, एल१ प्रथिनाचं. ती विषाणूला दारातच अडवते. आत शिरलेल्याला हुसकत नाही. म्हणून लहान वयात द्यायची. आम्ही सीरमची सर्व्हाव्हॅक घेतली. तिच्यात विषाणूच्या १६ आणि १८ या दोन्ही प्रकारांपासून बचाव आहे, ज्यांच्यामुळे सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग होतात. कुपी आमच्यासमोर फ्रीजमधून काढली, मुदतीची तारीख दाखवली. फ्रीजवरचा आकडा ४ अंश होता, बाहेर डांबर वितळायची वेळ. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून घेतलं. मलाही गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायला बजावलं.

एक तारा कापला तो फोनसाठी. कुणी उचलत नाही. गुरुवारी नुसतीच गेले, तर लस संपलेली. रिक्षाचे पैसे आणि अर्धा दिवस वाया गेला. आधी नाव नोंदवून जा, म्हणजे तुमच्यासाठी कुपी राखून ठेवतात. दुसरा डोस सहा महिन्यांनी, तारीख कार्डावर लिहून दिली आहे. पेशी काढलेली ती चिठ्ठी मी सासूबाईंना दाखवली. त्या आता धाकट्या नणंदेच्या पोरीचंही नाव लावायला सांगतायत.