जळगावहून लंडन: मुंबईतून थेट, की दुबईमार्गे?

मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ सरळ रेषेत सुमारे 7,200 किलोमीटर. दुबईमार्गे गेलात तर आधी 1,930 आणि मग 5,500, म्हणजे 7,430च्या आसपास. वाकडी वाट पडते ती जळगाव–नाशिकएवढी. शिवाय ते 7,200 कागदावरचेच. सरळ रेषा पाकिस्तान, कास्पियन समुद्र, युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांची वाट अडवली. म्हणजे वळसा थेट विमानालाही चुकत नाही.

थेट विमानाला दहा तास धरा, थोडे इकडेतिकडे. दुबईमार्गे हवेतले तास पावणेअकरा. खरा फरक पडतो तो दुबईत बसण्याचा. तीन तासांचा थांबा उत्तम. दीड तासाचा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, कारण पहिलं विमान जरा लेट झालं की दुसरं गेलंच. आणि रात्रभर खुर्चीत ताटकळायचं असेल तर वाचलेले पैसे अंगदुखीतच वसूल होतात.

आता आपल्याकडचं. जळगाव ते मुंबई रेल्वेनं 420 किलोमीटर, गाडीप्रमाणे सहा ते आठ तास. दुबईहून लंडनला 5,500 किलोमीटर कापायलाही जवळपास तेवढेच लागतात! म्हणून तिकीट बघताना घराच्या ओट्यापासून तास मोजा. गाडी, सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, तीन तास आधी पोहोचणं, मधला मोकळा वेळ आणि थेट विमान मिळून बावीस-चोवीस तास होतात. दुबईचे चार-पाच त्यावर. दादर किंवा ठाण्याला उतरा, सामान घेऊन सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटं येण्यात अर्थ नाही.

जळगावहून मुंबईला विमानानं जायचा मोह होतो, पण देशांतर्गत तिकिटावर साधारण 15 किलोच सामान चालतं. पापड, मसाला, कळण्याचं पीठ भरलेल्या दोन बॅगांचं काय करणार? वेगळं तिकीट असेल तर ते विमान रद्द झाल्याची जबाबदारी लंडनचं विमान घेत नाही.

माझं मत विचाराल तर आई-बाबा किंवा आजी पहिल्यांदा एकटे निघाले असतील तर थेटच, पाच-दहा हजार जास्त गेले तरी. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. शिकायला जाणाऱ्या पोरांनी दुबईमार्गे खुशाल जावं, फक्त दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर (एकाच बुकिंगवर) हवीत, म्हणजे बॅगा थेट हीथ्रोला उतरतात.

वेळ मोजताना घड्याळाला फसू नका. मुंबईहून दुपारी एकला निघून लंडनला संध्याकाळी साडेसहाला पोहोचलात, तर उन्हाळ्यात तो प्रवास दहा तासांचा असतो, कारण लंडन तेव्हा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे परतीला साधारण तासभर कमी लागतो.