एकवीस दिवसांत व्यसनमुक्तीची हमी: कोल्हापुरात आलेला अनुभव

माझ्या धाकट्या भावाला दारूचे आणि जोडीला झोपेच्या गोळ्यांचे व्यसन होते. शिरोली एमआयडीसीतील नोकरी गेल्यावर आम्ही उपचारांची चौकशी सुरू केली, तेव्हा एका ओळखीच्या माणसाकडून नंबर मिळालेल्या दलालाने फोनवर सांगितले, "एकवीस दिवसांत सुटणार, हमी आमची. पेशंट यायला तयार नसला तरी गाडी पाठवतो." शहराबाहेरच्या एका बंगल्यात चालणाऱ्या त्या केंद्राने ४५,००० रुपये आगाऊ घेतले: २०,००० रोख, उरलेले एका खासगी व्यक्तीच्या खात्यावर. पावती 'सेवा देणगी' या नावाची होती आणि तिच्यावर नोंदणी क्रमांक नव्हता.

दाखल करून घेताना भावाला कोणत्याही डॉक्टरने तपासले नाही. एकवीस दिवस भेट नाही, फोन नाही, ही तिथली अट होती. घरच्यांचा आवाज ऐकला की पेशंट ढिला पडतो, असे कारण देण्यात आले. सगळी फसवणूक या अटीच्याच आडोशाने चालते, असे माझे मत आहे, कारण आत डॉक्टर येतो की नाही हे घरच्यांना कळत नाही आणि चारचौघांत अब्रू जाईल या भीतीने ते बाहेर वाच्यताही करत नाहीत.

भावाची दारू आणि गोळ्या दोन्ही तिथे एकदम बंद करण्यात आल्या. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रमाची अवस्थाही येते आणि ती जिवावर बेतू शकते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या एकाएकी थांबवल्यानेही झटके येतात, म्हणून डॉक्टर त्यांची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. इथे मात्र स्वयंपाकीच वर्तमानपत्राच्या पुडीतून नाव नसलेल्या गोळ्या वाटत असे. भावाला फिट आली तेव्हा त्याला खाटेला बांधण्यात आले आणि आम्हाला निरोप मिळाला, "नाटक करतोय, सगळेच करतात." तिथून सुटलेल्या एका मुलाने खरा प्रकार कळवल्यावर आम्ही भावाला सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात हलवले. पैसे परत मागितले, तर उलट जेवणखर्चाची मागणी झाली.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाधीनांनाही लागू आहे. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असावी लागते. रुग्णाला स्वतः निर्णय घेणे शक्य नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय त्याला दाखल करता येत नाही, आणि तसे दाखल करण्याची पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. विनानोंदणी केंद्राला पहिल्या वेळचा दंड ५,००० ते ५०,००० रुपये आहे, म्हणजे जेमतेम एका पेशंटच्या आगाऊ रकमेएवढा! तेव्हा पैसे देण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र आणि डॉक्टरचे नाव लेखी मागावे. टाळाटाळ झाली तर तिथे थांबू नये.

सध्या भाऊ सीपीआरच्या मानसोपचार विभागात औषधे घेतो आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकांना जातो. या बैठकांना शुल्क नसते. दाखल करायचे की नाही अशा पेचात असलेल्यांना १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेली-मानस फोन सेवा विनामूल्य उपलब्ध आहे.

रोख रकमेचा पुरावा आमच्याकडे नाही. खात्यावर गेलेल्या २५,००० रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. अशाच प्रकारे पैसे गेलेल्यांनी व्हॉट्सॲपवरील बोलणे पुसू नये आणि उपचारांची कागदपत्रे लेखी मागावीत. तो रुग्णाचा हक्क आहे, आणि केंद्राने उत्तर दिले नाही, तरी मागणीची पोच तक्रारीला जोडता येते.