‘डेड अलाइव्ह’ अनकट ब्लू-रे: पैसे वसूल, पण प्लेअर बघून घ्या

पीटर जॅक्सनचा १९९२चा झॉम्बीपट ‘ब्रेनडेड’, अमेरिकेत ‘डेड अलाइव्ह’ नावाने आलेला. कॉलेजात असताना एका सीडीवाल्याने अनकट म्हणून गळ्यात मारलेली कॉपी ८५ मिनिटांची आर रेटेड, म्हणजे रक्तपाताला कात्री लावलेली निघाली, तो राग इतकी वर्षं मनात होता. आता बाहेरून येणाऱ्या मित्राकडून ९७ मिनिटांची अनरेटेड ब्लू-रे मागवली आणि दादरच्या घरी रात्री दार लावून बघितली. काय फरक आहे राव! लॉन मोवरचा, म्हणजे गवत कापायच्या मशीनचा सीन तर अंगावर काटा आणतो, हिरो मशीन छातीशी धरून झॉम्बींच्या गर्दीत घुसतो आणि नंतर रक्ताने गिळगिळीत झालेल्या फरशीवर त्याचे पाय जागच्या जागी घसरत राहतात, पुढे सरकतच नाही. सगळं हाताने केलेलं, लॅटेक्स आणि नकली रक्त, म्हणूनच आमच्यासारखे लोक एकेका मिनिटासाठी जीव टाकतात. कात्री लागली की सीनची लयच जाते हो.

एकच सांगतो, ब्लू-रे डिस्कला देशांच्या गटानुसार रिजनचं कुलूप असतं; ही अमेरिकन डिस्क रिजन ए आणि आपण रिजन सी, त्यामुळे सगळ्या रिजनच्या डिस्क चालवणारा रिजन फ्री प्लेअर नसेल तर घेऊ नका. आणि जेवण झाल्या झाल्या तर बिलकुल लावू नका.