एसीच्या कॉइलवर बर्फ आणि ‘गॅस गेलाय, काका’

बर्फ धरलेल्या एसीला गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावून कुणी ‘गॅस कमी आहे’ म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. कल्याणला आमच्या बाबांना याच एका वाक्यावर ३,५०० रुपयांना गंडवलं, आणि पुढच्या फेरीला १४,००० ची तयारी ठेवली होती.

एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर, आर-३२ गॅसवाला. मे महिन्यात त्यातून हवा येईनाशी झाली आणि भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं. झाकण उघडलं तर आतल्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्या-पात्यांवर, पांढराशुभ्र बर्फ. बाबांनी इंटरनेटवर सापडलेला नंबर फिरवला. मुलगा आला तो टापटीप, तोंडात सारखं ‘काका-काकू’, चहाही घेतला. फिल्टरला मात्र हात लावला नाही. सरळ आउटडोअरकडे, म्हणजे एसीच्या बाहेरच्या पेटीकडे गेला, गेज जोडलं आणि बाबांना बोलावून काटा दाखवला. ‘बघा काका, नव्वद. सव्वाशेच्या पुढे पाहिजे. गॅस गेलाय.’

काटा खरंच नव्वदवर होता, म्हणूनच ही लबाडी पचते. आर-३२ चं तापमान शून्य अंशावर येतं तेव्हा त्याचा दाब साधारण १०३ पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) असतो. कॉइलवर बर्फ आहे याचाच अर्थ कॉइल शून्याखाली गेली आहे, म्हणजे काटा शंभराच्या आसपास किंवा त्याखाली असणारच. मग कारण गॅसची गळती असो की तुंबलेला फिल्टर. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही तर आतल्या गॅसला उष्णता मिळत नाही, दाब उतरतो, कॉइल आणखी गार पडते, हवेतली वाफ तिच्यावर गोठते आणि तो बर्फ उरलीसुरली हवाही अडवतो. अशा अवस्थेत गेजवरून काहीच सिद्ध होत नाही.

त्याने सिलिंडर जोडून अंदाजाने गॅस सोडला. वजनकाटा नव्हताच. काटा वर गेला, बर्फ वितळला, बाबा खूश. जादा गॅसने दाब वाढतो, कॉइल शून्याच्या वर येते आणि काही काळ बर्फ धरत नाही. दुखणं झाकलं जातं आणि कॉम्प्रेसरवर विनाकारण ताण येतो. थोड्याच दिवसांत पुन्हा पाणी ओघळलं. तोच मुलगा परत आला. आता म्हणे कॉइलच लीक आहे, अख्खी बदलावी लागेल. कॉइल लीक आहे हे बघायला त्याने साबणाचं पाणीसुद्धा लावलं नव्हतं!

बाबांनी तेव्हा मला फोन केला. मी गेलो आणि ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी आधी विचारलं, ‘घरात काही काम काढलं होतं का?’ एप्रिलमध्ये भिंतींना पुट्टी घासून रंग दिला होता, आणि उकडतंय म्हणून त्या धुळीत एसी चालूच होता. फिल्टर पांढरा, कॉइलच्या पात्यांत पूड, ब्लोअरच्या पंख्यात तर तिचे थर. त्यांनी कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवला आणि बर्फ वितळेपर्यंत गेजला हात लावला नाही. (बर्फ स्क्रू-ड्रायव्हरने खरवडणारेही असतात. तेवढ्याने नळीला भोक पडतं, मग गळती खरीच होते.) नंतर जेट पंपाने कॉइल आणि ब्लोअर धुतला, एसी चालवला आणि मग दाब व अँपिअर (एसी ओढतो तो विजेचा प्रवाह) मोजले. दोन्ही जास्त. गॅस गेला नव्हता, उलट जादा झाला होता. तो रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला, व्हॅक्यूम केला, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढली, आणि आउटडोअरच्या प्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमांइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. हे काम थोडं खर्चाचं झालं. पहिल्या दिवशी नुसता धुतला असता तर सर्व्हिसिंगच्या पैशांत भागलं असतं.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय. बहुतेक वेळा जोडाच्या नटाशी तेलाचा डाग दिसतो, साबणाच्या पाण्याने बुडबुडे येतात. ती जागा न दाखवता नुसता गॅस भरणारा माणूस पुन्हा येण्याची सोय करून जातो. बर्फ कुठे आहे हेही बघा. घरच्या स्प्लिट एसीत गॅस कमी असेल तर बर्फ बहुधा कॉइलच्या एका भागात आणि बाहेरच्या बारीक नळीवर धरतो, जाड नळी फारशी गार लागत नाही. हवा अडली असेल तर अख्खी कॉइल पांढरी होते आणि बर्फ जाड नळीपर्यंत पोचतो. यावरून शंभर टक्के निदान होत नाही, पण समोरच्याला दोन प्रश्न विचारायला पुरतं.

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत आणि त्या मुलाचा नंबर लागत नाही. पावतीवर फक्त ‘एसी काम’ आणि रक्कम. ना दुकानाचा पत्ता, ना कोणता गॅस, ना किती ग्रॅम, ना गळती कुठे होती. पैसे हातात असतानाच एवढं लिहून मागा.