टोयोटाचं म्युझियम पाहायचंय, पण कुठलं? नागोया परिसरातल्या पर्यायांची तुलना

नकाशावर नुसतं 'टोयोटा म्युझियम' टाकून निघालात तर चुकीच्या दारात उभं राहण्याची शक्यता बरीच आहे. नागोया आणि आसपास टोयोटाशी जोडलेली एकाहून जास्त संग्रहालयं आहेत आणि त्यांची नावं जवळपास सारखी आहेत. शिवाय टोयोटा नावाचं वेगळं शहरच आहे. तिथल्या महापालिकेच्या कलासंग्रहालयाच्या नावातही टोयोटा आहे, पण आत चित्रं आणि शिल्पं आहेत, गाड्या नाहीत. टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव जपानीत लिहिलेलं दाखवा.

खरी निवड दोन ठिकाणांमध्ये आहे. एक, नागोया शहरातलं 'टोयोटा कमेमोरेटिव्ह म्युझियम ऑफ इंडस्ट्री अँड टेक्नॉलॉजी' (पुढे स्मारक संग्रहालय). दुसरं, शहराच्या पूर्वेला नागाकुतेमधलं 'टोयोटा ऑटोमोबाइल म्युझियम'. हाताशी एकच दिवस असेल तर आमचं मत सरळ स्मारक संग्रहालयाला. जुन्या गाड्यांचं वेड असेल, बरोबरची मंडळीही त्याच पठडीतली असतील, तर नागाकुते.

स्मारक संग्रहालय टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोदा यांनी १९११ मध्ये उभारलेल्या कापड कारखान्याच्या लाल विटांच्या इमारतीत आहे. ते सुरू झालं १९९४ मध्ये. आत शिरल्यावर पहिल्यांदा गाडी दिसत नाही, दिसतो भलामोठा वर्तुळाकार माग. गाड्या बघायला आलेल्यांचा इथे हिरमोड होतो आणि ते कापड विभाग घाईघाईने उरकतात. तसं करू नका, कारण टोयोटाची मूळ कल्पना याच विभागात सापडते.

१९२४ चा 'जी' माग चालवून दाखवतात, तो जवळ उभं राहून बघा. साध्या यंत्रमागावर धोट्यातली (आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या भागातली) कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपली की माग थांबवायचा, नवी कांडी भरायची, पुन्हा सुरू करायचा. या मागात बाजूला भरलेले धोटे रचून ठेवलेले असतात. आडवं सूत संपत आलं की यंत्राला ते कळतं, नवा धोटा आत ढकलला जातो, रिकामा बाहेर पडतो आणि माग पूर्ण वेगात चालूच राहतो. उलट ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला तर त्यात ओवलेली धातूची पातळ पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. म्हणजे खराब कापड विणलंच जात नाही आणि एक माणूस बरेच माग सांभाळू शकतो. दोष दिसताक्षणी काम थांबवायचं, हे टोयोटाच्या कारखान्यांचं सूत्र इथून आलं. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या माणसाला हे प्रात्यक्षिक कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने १ लाख पौंडांना घेतले. पुढे साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. भारतातही क्रम तोच राहिला: किर्लोस्करांबरोबर टोयोटा समूहाची कापडयंत्रांची कंपनी १९९५ ची, मोटारींची १९९७ ची.

मोटार विभागात तयार गाड्यांपेक्षा गाडी घडते कशी यावर भर आहे. लाकडी साच्यावर पत्रा ठोकून बॉडीला आकार देणारे कारागीर, सुरुवातीच्या काळातली ओतकामाची धडपड, नंतर प्रेस, वेल्डिंग करणारे रोबो. धातुकामाच्या भागात ओतकाम, घडाई आणि कातकाम कर्मचारी स्वतः करून दाखवतात. ही प्रात्यक्षिकं ठरलेल्या वेळीच होतात. म्हणून तिकीट घेतानाच त्या दिवसाचं वेळापत्रक मागा आणि फिरण्याचा क्रम त्यावर बसवा. दुपारी दोननंतर आत गेलात तर कापड विभागातच वेळ संपतो आणि मोटारींसमोरून धावत जावं लागतं. निदान साडेतीन तास हाताशी ठेवा. पोचायला सोपं: मेइतेत्सु रेल्वेने नागोयाहून एकच स्टेशन, साको, तिथून तीन मिनिटं चालत.

नागाकुतेचं संग्रहालय १९८९ चं. इथलं वैशिष्ट्य असं की ते फक्त टोयोटाचं नाही. जपान, युरोप आणि अमेरिकेच्या मिळून १४० च्या आसपास गाड्या कालक्रमाने मांडल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावर सुरुवातीपासूनच्या, तिसऱ्यावर युद्धोत्तर काळापासून पुढच्या. वाफेवरची स्टॅन्ली, विजेवरची बेकर आणि पेट्रोलवरची फोर्ड मॉडेल टी पाहिल्या की शंभराहून जास्त वर्षांपूर्वी यांतलं कुठलं इंधन जिंकेल हे ठरलेलं नव्हतं, हे पटतं. १९३६ च्या टोयोटा एए या कंपनीच्या पहिल्या प्रवासी मोटारीजवळ मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. ती नंतर बनवलेली प्रतिकृती आहे. रशियात सापडलेली मूळ एए आज नेदरलँड्समधल्या द हेगच्या लाऊमन म्युझियममध्ये आहे.

शेजारच्या इमारतीत मोटार संस्कृतीचं दालन आहे: पोस्टर, खेळण्यातल्या गाड्या, आणि बॉनेटवर बसवायचे लालिक या फ्रेंच काचकारागिराचे काचेचे मॅस्कॉट. बरेच जण थकून हे टाळतात, पण हे दालन सोडण्यासारखं नाही. एकूण अडीच तास पुरतात. यंत्रं चालताना बघायची हौस असेल तर मात्र इथे तेवढं समाधान मिळणार नाही. इथे गाड्या शांतपणे उभ्या असतात.

जायचं कसं? नागोया स्टेशनहून हिगाशियामा मेट्रोने शेवटच्या फुजिगाओकाला, तिथून चुंबकीय लिनिमो गाडीने गेइदाइ-दोरी, मग पाच मिनिटं चालत. बदलाबदलीसह तासभर धरा. स्टुडिओ जिब्लीच्या ॲनिमेशनपटांवर बेतलेलं जिब्ली पार्क याच लिनिमोवर दोन स्टेशनं पुढे आहे, त्यामुळे मुलं बरोबर असतील तर तराजू नागाकुतेकडे झुकतो. फक्त जिब्लीची तिकिटं आधीच काढावी लागतात.

दोन्ही संग्रहालयं सकाळी साडेनऊ ते पाच, शेवटचा प्रवेश साडेचारला. तिकीट हजार-बाराशे येनच्या घरात. सोमवारी दोन्ही बंद. सोमवारी सरकारी सुट्टी असली तर त्या दिवशी उघडी आणि मंगळवारी बंद.

सोमवारच हाती असेल तर टोयोटा शहरातलं टोयोटा काइकान हे कंपनीचं प्रदर्शन-दालन बघा. ते रविवारी बंद असतं. प्रवेश फुकट, पण आत इतिहास कमी, आजच्या गाड्या आणि तंत्रज्ञान जास्त. कारखाना बघायची फेरी आधी नाव नोंदवलं तरच मिळते, आणि मेच्या सुरुवातीला, ऑगस्टच्या मध्याला व वर्षाअखेरीस कारखान्यालाच सुट्टी असते. नागाकुते आणि काइकान एका दिवसात जोडायचे असतील तर नागोयाला परतू नका. लिनिमोने याकुसापर्यंत जा, तिथून आइची लूप रेल्वेने मिकावा-टोयोटा, पुढे वीसेक मिनिटं पायी.

टोयोटाचाच आग्रह नसेल तर हामामात्सु शहरातला सुझुकी प्लाझा, म्हणजे सुझुकी कंपनीचं संग्रहालय, हाही विचारात घ्या. सुझुकीही १९०९ मध्ये मागांपासूनच सुरू झाली. तिची १९७९ ची पहिली आल्टो म्हणजे आपल्याकडच्या १९८३ च्या मारुती ८०० चं मूळ, त्यामुळे मराठी घरातल्या कित्येकांना ती लगेच ओळखू येईल. प्रवेश फुकट, नोंदणी आधी करावी लागते, सोमवारी बंद. हामामात्सुहून लोकलने एकच स्टेशन, ताकात्सुका. टोकियो-नागोया प्रवासात वाटेवर उतरून अर्ध्या दिवसात हे बसतं. मात्र हामामात्सुला नोझोमी ही सर्वांत वेगवान बुलेट ट्रेन थांबत नाही, म्हणून तिकीट कोदामा या बुलेट ट्रेनचं किंवा तिथे थांबणाऱ्या हिकारीचं काढा.