सार पासला मे महिन्यात नेलेलं सामान: गोव्यातून जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

मे महिन्यात हिमाचलात ट्रेकला जाते म्हटलं की गोव्यात पहिला प्रश्न थंडीचाच येतो. जॅकेट कुठलं घेतलंस, किती जाड आहे, मावशीने तर तिचा जुना लोकरीचा स्वेटर पण काढून दिला. पण सार पास करून आल्यावर माझं ठाम मत झालंय की पैसे आधी पावसावर घालायचे, मग पायांवर, मग डोळ्यांवर, आणि जाड जॅकेट सगळ्यात शेवटी, ते तर भाड्याने पण चालतं. हा रिव्ह्यू साधारण त्याच क्रमाने लिहितेय. ब्रँडची नावं मुद्दाम टाकत नाही कारण मॉडेल दर वर्षी बदलतात, त्यापेक्षा लेबलवर काय बघायचं ते सांगते, म्हणजे पणजीत घ्या नाहीतर ऑनलाईन मागवा, उपयोग होईल.

आधी हवेचं सांगते. सार पास १३,८०० फूट, म्हणजे साधारण ४,२०० मीटर. हवा दर हजार मीटरला अंदाजे साडेसहा डिग्रीने गार होते, म्हणजे खाली समुद्रसपाटीला तेहतीस असेल तर वर दुपारी पण पाच-सहाच्या आसपास, आणि रात्री नगारूला, म्हणजे पासच्या आधीच्या शेवटच्या कॅम्पवर, शून्याच्या खाली गेलं तर नवल नाही. हे आकडे वाचून सगळे जाड जॅकेट घेतात. खरा त्रास वेगळा आहे. मे-जूनमध्ये तिथे सकाळ एकदम स्वच्छ असते, निळंभोर आभाळ, आणि बारा-एक वाजले की ढग चढायला लागतात, मग पाऊस, गारा, वर गेलात तर बर्फ, आणि सोबत वारा. त्यात वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवा, आला असेल तर दिवसभर पण चालू राहतं. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने ओढून घेतं, त्यामुळे कोरडा माणूस पाच डिग्रीत मजेत चालतो आणि भिजलेला माणूस दहा डिग्रीत कुडकुडतो. आपल्याला भिजायची सवय आहे पण ती सवय गोव्याच्या गरम पावसाची, इथे भिजून घरी आलं की टॉवेल आणि चहा मिळतो, तिथे पुढचा कॅम्प अजून तीन तास लांब असतो.

रेन जॅकेट. सगळ्यात जास्त पैसे मी यावर घातले आणि ते वसूल झाले. तीन गोष्टी बघा. एक, शिवणीला आतून टेप मारलेली आहे की नाही, जॅकेट उलटं करून बघायचं, टेप नसेल तर कापड कितीही भारी असो पाणी सुईच्या भोकांतून आत येणार. दोन, वॉटर कॉलमचा आकडा, म्हणजे कापड पाण्याचा किती दाब सोसतं ते, लेबलवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, २,००० वालं थोड्या वेळच्या सरीला ठीक, पण सॅकचे पट्टे खांद्यावर दाबून बसतात तिथे जोर पडतो म्हणून मी १०,००० वालं घेतलं. तीन, काखेत चेन असेल तर फारच छान, चढावर घाम तिथून निघून जातो. आपण इथे स्कूटरवर घालतो तो प्लास्टिकचा रेनकोट पाणी शंभर टक्के अडवतो हे खरं, मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी चालू असते तेव्हा बाजारात ढीग लागलेले असतात आणि स्वस्त पण मिळतात, पण तो घालून वाटेतल्या ग्रहण गावाचा चढ चढलात की आतून घामाने तेवढेच भिजता. आमच्या ग्रुपमधल्या एकाने तोच आणलेला, वर थांबल्या थांबल्या त्याला थंडी वाजायला लागली, शेवटी गाईडने त्याला आतला टी-शर्ट बदलायला लावला.

पोंचो पण चांगला, खालच्या जंगलात तर मला जॅकेटपेक्षा तोच आवडला, सॅक पण झाकली जाते आणि खालून हवा खेळते. पण नगारूच्या वर वाऱ्यात तो नुसता फडफडतो, पुढचं पाऊल दिसत नाही, बर्फावर ते बरं नाही. दोन्ही नेता येत असेल तर दोन्ही न्या, एकच न्यायचं तर जॅकेट. रेन पँट मात्र हवीच, आणि स्वस्तातली घेतलीत तर पासवरून पलीकडच्या बिस्करी कॅम्पकडे उतरताना बर्फावर बसून घसरत जायचं असतं (ट्रेकमधला सगळ्यात भारी भाग, त्याच्यासाठी परत जाईन) तिथे ती मागून फाटते, तेव्हा जरा दणकट कापडाची बघा.

सॅकच्या रेनकव्हरवर अजिबात विसंबू नका. पाणी पाठीच्या बाजूने, पट्ट्यांवरून आत उतरतं, कव्हर तिथे काहीच करत नाही. कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी सॅकच्या आत घालायची आणि सगळे कपडे त्यात, तोंड पिळून बंद. सगळ्या सामानात सगळ्यात स्वस्त वस्तू ही आणि पूर्ण मार्क हिलाच. झोपायचे कपडे आणि एक जोडी मोजे त्यात आणखी वेगळ्या पिशवीत ठेवायचे आणि काही झालं तरी चालताना घालायचे नाहीत.

आता शूज, आणि हे गोव्यातल्या लोकांनी नीट वाचा, कारण बाहेरचे रिव्ह्यू हे सांगत नाहीत. ट्रेकिंग शूजच्या सोलमध्ये बऱ्याचदा पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन असतं, आणि ते दमट हवेत हळूहळू कुजतं, न वापरता कपाटात ठेवलं तर उलट जास्तच. वरून बूट नवा कोरा दिसतो आणि चालायला लागल्यावर सोल भुगा होऊन पडतो नाहीतर सरळ उकलून येतो. आपल्याकडे वर्षभर हवा दमट, त्यामुळे कुणाचे जुने शूज मागून नेणार असाल किंवा स्वतःचे चार-पाच वर्षं पडून असलेले काढणार असाल तर आधी बूट दोन्ही हातांनी वाकवा, सोलच्या बाजूला अंगठा जोरात दाबा, चिरा दिसल्या किंवा चिकट, मऊ लागलं तर तो बूट न्यायचा नाही. जुन्या रेनकोटचं आणि रेनकव्हरचं पण असंच, आतला लेप चिकट झाला असेल, सोलपटं निघत असतील तर त्याचं काम संपलं. मी नवे घोट्यापर्यंतचे घेतले, तळाला खोल खाचा असलेले, अर्धा नंबर मोठे, कारण उतारावर बोटं पुढे जाऊन आपटतात. सरावाला अल्तिनोच्या पायऱ्या, मग वाघेरी, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. नवे शूज थेट ट्रेकवर घालणाऱ्यांचे पाय ग्रहणला पोचेपर्यंतच फोडांनी भरलेले मी बघितलेत, जीव कळवळतो बघून. मोजे लोकर मिसळलेले घ्या, सुती नको.

सुती कपड्यांबद्दल तर हात जोडून सांगते, जीन्स आणि कॉटन टी-शर्ट घरीच ठेवा. इथे उन्हाळ्यात कॉटनच बरं वाटतं कारण ते घाम धरून ठेवतं आणि अंग गार करतं, तिथे नेमकं तेच नडतं. क्विक ड्राय टी-शर्ट, वर पातळ फ्लीस, त्यावर रेन जॅकेट. फ्लीस ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब धरतं आणि पिळून घातलं तर अंगावरच वाळतं. माझं साधं बिनटोपीचं फ्लीस आहे, डेकॅथलॉनमध्ये स्वस्तात मिळतात तसलं, आणि ते कॅम्पवर जवळजवळ सतत अंगावर होतं.

डाऊन जॅकेट मी भाड्याने घेतलं. हलकं असतं, मुठीएवढं होतं, कॅम्पवर संध्याकाळी त्याच्यासारखं सुख नाही. पण आतली पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब संपली, म्हणून पावसात चालताना ते घालायचं नाही, पिशवीत ठेवायचं. वर्षातून एकदा जाणाऱ्या गोवेकराने ते विकत घेऊ नये असं मला वाटतं, त्याच पैशात चांगले वॉटरप्रूफ ग्लोव्हज आणि गॉगल येतो.

गॉगलवर हसू नका. आपण दर्याकाठची माणसं, ऊन आपल्याला नवं नाही असं वाटतं. पण कोरडी वाळू उन्हातले साधारण १५ टक्के यूव्ही म्हणजे अतिनील किरण परत फेकते आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत, वर दर हजार मीटरला यूव्ही दहाएक टक्क्यांनी वाढतं ते वेगळंच. म्हणजे ऊन वरून पण आणि खालून पण. डोळे एका सकाळीत भाजतात, मग रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. यूव्ही ४०० लिहिलेला, बाजूने पण झाकणारा घ्या, रस्त्यावरचा नुसता काळी काच असलेला नको, कारण काळोखाने बाहुली मोठी होते आणि यूव्ही अडत नसेल तर उलट जास्त आत जातं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूला पण लावायचं, तिथे खालून भाजतं. ओठांना एसपीएफवाला बाम.

पासच्या दिवशी पहाटे अंधारात निघतात. बर्फ तेव्हा कडक असतो, दहा-अकरानंतर मऊ पडून गुडघ्यापर्यंत पाय जातो, आणि दुपारचे ढग यायच्या आत उतरून जायचं असतं. म्हणून हेडलॅम्प हवा, मोबाईलचा टॉर्च नाही. थंडीत बॅटरी पटकन उतरते, पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये आपल्या सोबत घ्यायची. निघायच्या आधी कसोलला, जिथून ट्रेक सुरू होतो, नेटवर्क आहे तोवर हवामान खात्याचा अंदाज बघून घ्या, विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, पण पुढे रेंज नाही तेव्हा शेवटी गाईड म्हणेल ते. तो थांब म्हणाला तर थांबायचं. उंचीच्या गोळ्यांचं, म्हणजे डायमॉक्सचं, आपल्या डॉक्टरला विचारूनच.

जायला मडगावहून गोवा संपर्क क्रांती थेट चंदीगडपर्यंत जाते, तिथून रात्रीची बस भुंतरपर्यंत, मग कसोल. ट्रेनमध्ये शूज पायात घालूनच जा, सॅकमधली अर्धी जागा वाचते.

परत आल्यावर एक काम लगेच करा, कारण तुम्ही याल तेव्हा इथे पाऊस टेकलेला असेल. सगळं धुऊन, पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच ठेवा, नाहीतर चवथीपर्यंत बुरशी धरते. रेन जॅकेट घडी न घालता हँगरला, शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे आणि सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा घालून घरात चाला, सोलची तब्येत पण कळते.

पोंचो आणि एक जादा हेडलॅम्प माझ्याकडे आहे, फोंड्यात कुणी जूनच्या बॅचला जात असेल तर खाली लिहा, घेऊन जा, फक्त वाळवून परत द्या.