११ केव्ही वाहिनीसाठीचा सुरक्षा-संच : पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

गोव्यातील डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) वीजवाहिन्यांची दुरुस्ती करणाऱ्या एका परवानाधारक कंत्राटदाराच्या पथकाचा मी पर्यवेक्षक आहे. वाहिनीवर झुकलेल्या झावळ्या आणि फणसाच्या फांद्या तोडण्याचे मे महिन्यातील काम सुरू होण्यापूर्वी आम्ही तारांपर्यंत दुरून पोहोचण्यासाठी फायबरग्लासचा टेलिस्कोपिक ऑपरेटिंग रॉड, तारेत वीज आहे का हे सांगणारा, रॉडच्या टोकाला बसणारा व्होल्टेज डिटेक्टर, तिन्ही फेज (वाहिनीच्या तिन्ही तारा) एकमेकींशी आणि जमिनीशी जोडणारा अर्थिंग सेट आणि क्लास २ चे रबरी हातमोजे असा संच खरेदी केला. पावसाळा सरला आहे. चारही वस्तू सारख्याच योग्यतेच्या नाहीत, हे आता खात्रीने सांगता येते.

सर्वाधिक उपयोग अर्थिंग सेटचा झाला. लाइन क्लिअर, म्हणजे वाहिनी बंद करून कामाची दिलेली परवानगी, मिळाल्यावर तारांवर साखळी फेकून काम उरकण्याची जुनी पद्धत आजही काही ठिकाणी दिसते. फेकलेल्या साखळीचा तारेशी संपर्क पक्का होत नाही आणि चुकून पुरवठा सुरू झालाच, तर फेकणारा माणूस तिच्या अगदी जवळ असतो. या सेटमध्ये आधी जमिनीकडचा क्लॅम्प आवळायचा, मग रॉडने एकेक फेज जोडायची आणि काढताना हाच क्रम उलटा ठेवायचा. तांब्याच्या केबलवरचे आवरण पारदर्शक असल्याने आतले तुटलेले तंतू बाहेरून दिसतात. काळ्या आवरणाच्या केबलमध्ये ही सोय नाही, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी पारदर्शकच घ्यावी.

जमिनीत ठोकायचा खिळा मात्र आमच्या भागात पुष्कळदा निरुपयोगी ठरला. जांभ्याच्या सड्यावर तो वीतभरही आत जात नाही आणि गेला तरी कोरड्या दिवसांत तिथला रोध इतका जास्त असतो की एकाच फेजचा प्रवाह जमिनीत जाऊन सबस्टेशनचा ब्रेकर (दोष येताच पुरवठा तोडणारा स्विच) पडेलच असे नाही. तिन्ही फेज एकमेकींशी शॉर्ट करण्याला म्हणूनच महत्त्व आहे : पुरवठा आलाच, तर मोठा शॉर्टसर्किट प्रवाह वाहून ब्रेकर तत्काळ सुटतो. जिथे खांबाची अर्थ पट्टी (जमिनीशी जोडलेली धातूची पट्टी) उपलब्ध असते, तिथे आम्ही गंज आणि रंग खरवडून क्लॅम्प तिलाच लावतो. खारट हवेच्या किनारी भागात हे खरवडणे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम आहे. सेटसोबत तारेचा ब्रश दिलेला नव्हता, तो वेगळा घ्यावा लागला.

एबी स्विच (खांबावरचा, वाहिनीचा पुढचा भाग तोडणारा स्विच) उघडला, कुलूप लावले, फलक टांगला, तरी अर्थिंग कशासाठी, असा प्रश्न नवे हेल्पर विचारतात. त्याचे उत्तर घरोघरच्या जनरेटरमध्ये आहे. पुरवठा खंडित झाल्यावर कोणी चेंजओव्हर स्विचशिवाय (घर वाहिनीपासून तोडून जनरेटरवर घेणाऱ्या स्विचशिवाय) जनरेटर जोडला, तर त्याचे २३० व्होल्ट वितरण ट्रान्सफॉर्मरमधून उलट दिशेने जाऊन ११ केव्ही बाजूला सुमारे १० हजार व्होल्ट निर्माण करू शकतात. शेजारच्या घरांचा भार अंगावर आल्याने छोटा जनरेटर बहुधा बंद पडतो, हे खरे. परंतु कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) एखाद्या पंपासाठी आणि दोन-तीन घरांसाठी बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर त्या ‘बहुधा’वर माणूस चढवता येत नाही. छतावरील सौर यंत्रणेचा इन्व्हर्टर पुरवठा गेल्यावर आपोआप थांबेल अशी रचना त्यात असते, त्यामुळे माझ्या मते खरी काळजी जनरेटरचीच आहे. ट्रान्सफॉर्मर कामाच्या कोणत्याही बाजूला असू शकतो, म्हणून आम्ही आता कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसारही तार हाताळण्यापूर्वी ती अर्थ करून किंवा अन्य योग्य उपायाने विद्युतभारमुक्त करावी लागते.

व्होल्टेज डिटेक्टर चांगला आहे, पण त्याच्या मौनावर विसंबू नये. त्यावरचे चाचणीचे बटण दाबल्यावर बॅटरी, दिवा आणि आवाज ठीक असल्याचे कळते. तो खऱ्या वाहिनीवर वाजेल की नाही, हे उघडलेल्या एबी स्विचच्या चालू बाजूला धरूनच पाहावे लागते, तेही तपासणीच्या आधी आणि नंतर. तो ११ केव्हीसाठी असल्यामुळे २३० व्होल्टच्या तारेवर गप्प राहतो, आणि धातूची स्क्रीन (तारेभोवतीचे धातूचे आवरण) अर्थ केलेल्या उच्चदाब केबलवर, मग ती भूमिगत असो वा खांबांवरून नेलेली, तर तो काहीच सांगत नाही. गोव्यात केबलचे प्रमाण वाढत असताना ही मर्यादा किरकोळ मानता येणार नाही. भर उन्हात त्याचा दिवा दिसत नाही आणि ट्रकचे इंजिन सुरू असल्यास आवाजही नीट ऐकू येत नाही, म्हणून तपासणीपुरते इंजिन बंद ठेवण्याचा नियम आम्ही केला.

रॉडविषयी तक्रार थोडीच आहे. टेलिस्कोपिक रॉड गाडीत सहज मावतो, पण त्याच्या सांध्यांत पावसाचे पाणी आणि चिखल शिरतो. ओला किंवा मळलेला रॉड इन्सुलेटर उरत नाही, म्हणून प्रत्येक कामानंतर तो पूर्ण उघडून पुसावा लागतो. पुन्हा घ्यायचा झाल्यास मी फोम भरलेल्या तुकड्यांचा, जोडून लांब करायचा रॉड निवडेन.

हातमोज्यांबाबत पथकात अजून कुरकुर आहे. क्लास २ म्हणजे १७ हजार व्होल्टपर्यंतच्या वापरासाठीचे जाड रबर आणि त्यावर चामड्याचे आवरण. जूनच्या उकाड्यात आत घाम साचतो आणि नट पकडता येत नाही. आतून सुती अस्तर घातल्यावर त्रास निम्मा झाला. अर्थ केलेल्या तारेवरच्या बारीक कामाला ते लागत नाहीत. एबी स्विच चालवताना, डिटेक्टर धरताना आणि अर्थिंग चढवता-उतरवताना ते सक्तीचे आहेत, अशी विभागणी केल्यापासून ते गाडीतच पडून राहणे थांबले. वापरण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडून पाहावी, घडी करून ठेवू नये आणि दर सहा महिन्यांनी विद्युत चाचणी करून घ्यावी. विकत घेताना उत्पादनाची तारीख पाहा. आम्हाला प्रथम दाखवलेली जोडी दुकानात बराच काळ पडून असलेली होती आणि ती आम्ही परत केली.